शालेय खेळाडूंची महाविद्यालयीन निवड : अमेरिकेतील नियमावली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नववी ते बारावी या चार इयत्तांच्या शाळेस हायस्कूल म्हणतात. या हायस्कुलांच्या संघांतून दरवर्षी ऐंशी लाखांच्या आसपास मुले-मुली खेळतात. त्यांपैकी शंभरात जेमतेम दोघांना पुढे महाविद्यालयाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळते. तेथील उच्च शिक्षणाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे त्या दोघांत आपले मूल असावे अशी पालकांची धडपड असते. महाविद्यालयांची निकडही काही कमी नसते. फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते, दूरचित्रवाणीकडून मोठ्या रकमा मिळतात आणि संस्थेच्या नावलौकिकात भर पडते. (तेथे फुटबॉल म्हणतात तो चेंडू हातात घेऊन धावण्याचा व धडका देण्याचा खेळ, आपल्या परिचयाच्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात.) तेव्हा गुणी मुलाच्या शोधात महाविद्यालयांचे प्रशिक्षक शाळांच्या मैदानांवर हिंडत असतात. त्यांनी मुलाशी कधी बोलावे, त्याला काय द्यावे आणि काय देऊ नये, हे ठरविणारी एक विस्तृत नियमावली आहे. प्रथम श्रेणीच्या महाविद्यालयांसाठी असलेला तिचा ग्रंथच चारशेहून अधिक पृष्ठांचा आहे.

सरकारी कायदा नव्हे

ही नियमावली शासनाने केलेली नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ती राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजे एन. सी. ए. ए. या सभासद संस्थांच्या मंडळाची आहे. १९०५ साली फुटबॉलच्या मैदानावर अनेक तरुण दगावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. त्या हालचालींतून १९०६ मध्ये या संघटनेचा पाया घातला गेला. ही संघटना म्हणजे शासनयंत्रणेचा भाग नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये दिला. परिणामी तिला पोलिसी अधिकार नाहीत. साक्षीदारास समन्स बजावता येत नाही, कोणाच्या घराची झडती घेता येत नाही. सभासद महाविद्यालयाने स्वतःच्या चुका स्वतः कळवाव्यात, यावरच तिची बरीचशी भिस्त असते.

खेळाडू मिळविण्यासाठी पैसा वापरण्याची प्रथा मात्र जुनी आहे. कार्नेगी प्रतिष्ठानने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ती उघडपणे मांडली होती. १९४८ मध्ये संघटनेने कडक संहिता केली : मदत द्यावयाची तर ती विद्यार्थ्याची आर्थिक गरज पाहून, खेळ पाहून नव्हे. दोन वर्षांनी संहिता मोडणाऱ्या सात महाविद्यालयांना काढून टाकण्याचा ठराव आला, परंतु त्यास आवश्यक ते दोन-तृतीयांश मत मिळाले नाही. १९५१ मध्ये संहिताच रद्द झाली आणि १९५६ पासून खेळाच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास उघड मान्यता मिळाली. पुढील साऱ्या नियमांचा रोख शिष्यवृत्ती थांबविण्याकडे नसून तिच्याभोवतीची ओढाताण आवरण्याकडे आहे.

भेटीगाठींचे वेळापत्रक

प्रशिक्षकाच्या वर्षाचे चार प्रकारचे कालखंड पाडलेले असतात. संपर्काच्या काळात तो विद्यार्थ्याच्या घरी वा शाळेत जाऊन त्याची गाठ घेऊ शकतो. पाहणीच्या काळात त्याने सामना पाहावा, शाळेत जाऊन गुणपत्रिका तपासावी, पण मुलाशी समोरासमोर बोलू नये. तिसऱ्या, शांततेच्या काळात भेट फक्त महाविद्यालयाच्या आवारातच व्हावी. बंदीच्या काळात प्रत्यक्ष भेट कोठेही नाही. पत्र किंवा दूरध्वनी तेवढा चालतो. कोविडच्या साथीत हा बंदीचा काळ मार्च २०२० पासून ३१ मे २०२१ पर्यंत लांबला. त्यामुळे त्या वर्षी कित्येक मुलांनी आपले महाविद्यालय न पाहताच निवडले.

वयाचीही मर्यादा आहे. बहुतेक खेळांत मूल दहावी उत्तीर्ण होऊन १५ जून उजाडेपर्यंत प्रशिक्षकाने त्याच्याशी भरतीविषयी अवाक्षर काढू नये, आणि अकरावीच्या तोंडावर, १ ऑगस्टपासून, भेटी सुरू व्हाव्यात असा दंडक २०१९ मध्ये झाला. काही खेळांत हा दिवस १ सप्टेंबरचा आहे; फुटबॉल आणि बास्केटबॉल यांची वेळापत्रके निराळी आहेत. १५ जूनची मध्यरात्र उलटताच नावाजलेल्या खेळाडूंच्या घरी दूरध्वनी खणखणू लागतात, ते यामुळेच.

महाविद्यालयाच्या खर्चाने होणाऱ्या भेटीत प्रवास, निवास व भोजन देता येते. रोख रक्कम, कपडे, मोटार किंवा आई-वडिलांना नोकरी यांपैकी काहीही देता येत नाही. अशा भेटी पूर्वी एकूण पाचच मिळत. २०२३ पासून संख्येचे बंधन उठले, मात्र सर्वसाधारणपणे एका महाविद्यालयाची भेट एकदाच. नियमकर्त्यांना किती बारकाव्यात शिरावे लागते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. भ्रमणध्वनीवर लघुसंदेश पाठविणाऱ्या प्रशिक्षकांनी मुलांना इतके भंडावून सोडले, आणि त्या संदेशांचे देयकही मुलांच्याच माथी इतके बसू लागले, की ऑगस्ट २००७ पासून असे संदेश सर्वस्वी वर्ज्य करावे लागले. पुढे संदेश जवळजवळ फुकट झाले तेव्हा, २०१२ पासून, बंदी टप्प्याटप्प्याने उठली.

तेराव्या वर्षी दिलेला शब्द

इतका बंदोबस्त असूनही जी पळवाट दीर्घकाळ उघडी राहिली तिचा विचार अधिक बारकाईने करावा लागेल. प्रशिक्षकाने मुलाला दूरध्वनी करू नये असा नियम होता. मुलाने प्रशिक्षकाला करू नये असा नव्हता. शिवाय स्वखर्चाने महाविद्यालय पाहावयास जाणाऱ्या कुटुंबास कोणतीही आडकाठी नव्हती. मग महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने मुलाच्या क्लबमधील प्रशिक्षकाला निरोप द्यावा, त्याने मुलाला अमुक वाजता अमुक क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे, आणि पलीकडून उत्तर मिळावे, असा राजरोस व्यवहार सुरू झाला. मुलींच्या सॉकरमध्ये आणि लॅक्रॉस या खेळात आठवीतील मुलींना शिष्यवृत्तीचे आश्वासन मिळू लागले. हायस्कूलची पायरी न चढलेल्या मुलीने चार वर्षांनंतरच्या महाविद्यालयाचे नाव सांगून मोकळे व्हावयाचे!

बास्केटबॉलमध्ये तर सातवी-आठवीच्या मुलांसाठी शिबिरे भरवून त्यांना आपलेसे करण्याचा मार्ग शोधला गेला होता. नियमानुसार 'संभाव्य खेळाडू' म्हणजे नववीत प्रवेश केलेला विद्यार्थी, त्यामुळे सातवीतले मूल नियमाच्या कक्षेतच येत नव्हते. अखेर जानेवारी २००९ मध्ये मुलांच्या बास्केटबॉलपुरती ही व्याख्या सातवीपर्यंत खाली आणावी लागली. मुलांना संरक्षण द्यावयाचे म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना अधिकृतरीत्या 'संभाव्य खेळाडू' ठरवावे लागले, हा प्रकार विचित्रच म्हणावा लागेल.

या तोंडी वचनांची किंमत काय, हे डेव्हिड सिल्स या खेळाडूच्या उदाहरणावरून दिसते. २०१० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने शिष्यवृत्ती देऊ केली व त्याने ती स्वीकारली. देशभर त्याची वार्ता झाली. २०१३ मध्ये तो प्रशिक्षकच बडतर्फ झाला आणि ते वचन त्याच्याबरोबर गेले. सिल्स पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला, खेळातील आपली जागा बदलून नावारूपास आला आणि व्यावसायिक संघापर्यंत पोहोचला. सर्वांचे असे निभावत नाही. महाविद्यालयाने लेखी देकार बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपूर्वी देऊ नये असा नियम असल्याने त्यापूर्वीचे सारे बोलणे तोंडीच असते आणि ते उभयपक्षी केव्हाही मोडता येते.

लॅक्रॉसच्या प्रशिक्षकांनी स्वतःच पुढाकार घेऊन २०१७ मध्ये ही पळवाट बंद करून घेतली. अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलाने दूरध्वनी केला तरी प्रशिक्षकाने तो घ्यावयाचा नाही, असे ठरले. २०१८ मध्ये सॉफ्टबॉलने तोच मार्ग धरला आणि वर सांगितलेला २०१९ चा सर्वसाधारण दंडक त्याच वाटेने आला.

लेखी कराराचीही कथा बोधप्रद आहे. १९६४ पासून विद्यार्थी 'राष्ट्रीय संमतिपत्रा'वर सही करीत असे. एकदा सही झाली की इतर महाविद्यालयांनी त्याचा पाठपुरावा सोडावा, असा त्याचा अर्थ. ते पत्र विद्यार्थ्याला महाविद्यालयाशी बांधीत असे, प्रशिक्षकाशी नव्हे. ज्याच्या शब्दावर विश्वासून सही केली तो प्रशिक्षक दुसरीकडे निघून गेला तरी मुलाची सुटका सहज होत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे संमतिपत्र बंद झाले आणि त्याची जागा शिष्यवृत्तीच्या करारानेच घेतली. शिष्यवृत्ती चार वर्षांची, हाही अनेक पालकांचा समज चुकीचा असे. १९७३ पासून ती एकेक वर्षाची, दरवर्षी नूतनीकरण व्हावयाची होती. २०१२ मध्ये अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास मुभा मिळाली, आणि २०१५ मध्ये पाच मोठ्या विभागीय संघांनी खेळ उतरला म्हणून ती काढून घेऊ नये असे ठरविले. रक्कमही पूर्णच असते असे नाही. बेसबॉलच्या संघास २०२४-२५ पर्यंत ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या अनेक खेळाडूंत विभागल्या जात.

एका विद्यापीठास झालेली शिक्षा

नियमभंगाची सर्वांत जबर शिक्षा डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठास झाली. तेथील धनिक हितचिंतकांनी उभारलेल्या गुप्त निधीतून १९८५-८६ मध्ये १३ खेळाडूंना सुमारे ६१,००० डॉलर दिले गेले, तेही संस्थेवर आधीची शिक्षा लागू असताना. फेब्रुवारी १९८७ मध्ये संघटनेने त्या वर्षीचा विद्यापीठाचा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द केला. १९८८ चा हंगाम विद्यापीठानेच सोडून दिला. पुढील महिन्यात टेक्ससचे राज्यपाल बिल क्लेमंट्स यांनी एक कबुली दिली. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख असताना हे वाटप चालू ठेवण्याचा निर्णय त्यांना ठाऊक होता. खेळाडूंना शब्द दिलेला होता, तो पाळावयाचा म्हणून पैसे चालू राहिले, असे त्याचे समर्थन होते. नियमात बसणारे वचन हवेत विरून जावे आणि नियमाबाहेरचे मात्र निष्ठेने पाळले जावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

प्रथम श्रेणीच्या फुटबॉल संघास इतकी कडक शिक्षा त्यानंतर झालेली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये बास्केटबॉलमधील लाचखोरी उघडकीस आली तीही संघटनेच्या नव्हे, तर केंद्रीय अन्वेषण यंत्रणेच्या तपासातून. त्या वेळी चार साहाय्यक प्रशिक्षकांना अटक झाली.

पैशाचे नवे पर्व

खेळाडूने आपल्या खेळाचे पैसे घेऊ नयेत, या तत्त्वावर जुनी नियमावली उभी होती. ते तत्त्व गेल्या काही वर्षांत ढासळले. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये खेळाडूस आपल्या नावाच्या व छबीच्या जाहिरातीतून मिळकत घेऊ देणारा कायदा केला; १ जुलै २०२१ पासून संघटनेनेही ती मुभा दिली. असे जाहिरातीचे करार भरतीचे आमिष म्हणून दाखवू नयेत, हा उरलेला निर्बंध टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांच्या दाव्यावरून न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थगित केला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई द्यावयाची असून, २०२५-२६ या वर्षात सहभागी महाविद्यालयास आपल्या खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटता येतात.

शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील मर्यादा जाऊन आता संघातील एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलमध्ये ८५ शिष्यवृत्त्यांऐवजी १०५ खेळाडू, असा हा बदल आहे. वरवर पाहता ही वाढ आहे. परंतु शिष्यवृत्तीविना केवळ हौसेने संघात राहणाऱ्यांची दारे त्यामुळे लहान झाली. त्यातच महाविद्यालय बदलण्यावरील बंधने सैल झाल्याने अनुभवी खेळाडू तयार मिळू लागले. त्यांच्यापुढे अठरा वर्षांच्या नवख्याचा विचार मागे पडतो.

गुणपत्रिकेची अट

नियमावलीचा एक भाग मात्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती राहिला आहे. अभ्यासात अगदीच कच्च्या खेळाडूंना प्रवेश देऊन चार वर्षांनी रिकाम्या हाताने परत पाठविण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १९८३ मध्ये किमान गुणांची अट स्वीकारली गेली व १९८६ पासून ती अमलात आली. आज प्रथम श्रेणीसाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आदी १६ मूलभूत अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. त्यांपैकी १० बारावी सुरू होण्यापूर्वीच व्हावे लागतात आणि चारपैकी किमान २.३ अशी सरासरी राखावी लागते. प्रमाणित प्रवेशपरीक्षेची सक्ती २०२३ मध्ये उठली. त्यामुळे शाळेतील गुणांचे वजन साहजिकच वाढले. तृतीय श्रेणीच्या महाविद्यालयांत क्रीडा शिष्यवृत्ती मुळीच नसते. हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठांचा आयव्ही संघही ती देत नाही.

महाराष्ट्रातूनही काही खेळाडू या मार्गाने गेले आहेत. हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये रोहन बोपण्णांसमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या ऋतुजा भोसले या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या टेनिस संघातून खेळल्या होत्या. परदेशी विद्यार्थ्यासही संघटनेच्या पात्रता केंद्राकडे आपली शालेय कागदपत्रे मूळ भाषेत व प्रमाणित इंग्रजी अनुवादासह सादर करावी लागतात. विद्यार्थी-प्रवेशपत्रावर राहणाऱ्यास तेथे काम करून मिळकत घेण्यावर निर्बंध असल्याने जाहिरातींचे नवे उत्पन्न त्याला अमेरिकन सोबत्याप्रमाणे सहज घेता येत नाही. कागदपत्रांचा हिशेब दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षांपासून नव्हे, तर नववीपासून सुरू होतो. आपल्याकडे नववीचा निकाल शाळेच्याच दप्तरी राहतो आणि बहुतेक घरी ती गुणपत्रिका जपून ठेवलेली नसते. अशा विद्यार्थ्याच्या मुख्याध्यापकांकडे पाच-सहा वर्षांनी येणारी पहिली मागणी बहुधा तिचीच असते.