गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लगेच खाली का येत नाही?

मॅन्युअल गिअरची दमदार गाडी, मोकळा ट्रॅक आणि काटा 6000 आरपीएमवर. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, क्लच दाबतो आणि झटकन तिसऱ्यावरून चौथा गिअर टाकतो. आता आरपीएम खाली यायला हवा, पण काटा क्षणभर तिथेच रेंगाळतो. क्लच सोडला की गाडीला हिसका बसतो.

अशा वेळी आपलंच काहीतरी चुकलं, असं अनेकांना वाटतं. पण बऱ्याचदा गाडी तशीच बनवलेली असते. या प्रकाराला ‘रेव्ह हँग’ म्हणतात.

हिसका का बसतो?

समजा, त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन 4800 आरपीएमवर फिरायला हवं. म्हणजे क्लच सुटण्याआधी आरपीएम 1200 ने उतरला पाहिजे. तो उतरला नाही, तर हा फरक क्लच प्लेटला घासून भरून काढावा लागतो. प्लेट तापते, झिजते. घाईने गिअर टाकणाऱ्यांच्या गाडीचा क्लच लवकर जातो, त्यामागे हेही एक कारण असतं.

काटा रेंगाळतो कशामुळे?

पूर्वी अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिनमधली हवेची झडप एका केबलने जोडलेली असे. पाय काढला की झडप बंद! 1980च्या दशकाच्या शेवटी बीएमडब्ल्यूने 7 सिरीजमध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणला आणि हळूहळू तो सगळीकडे पसरला. यात पॅडल फक्त सिग्नल पाठवतं. झडप किती आणि कधी बंद करायची, हे ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो.

झडप एकदम बंद झाली, तर आत उरलेल्या पेट्रोलला पुरेशी हवा मिळत नाही आणि न जळलेलं इंधन धुरातून बाहेर पडू शकतं. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही हवा आणि इंधनाचं प्रमाण नेमकं लागतं. म्हणून ईसीयू झडप सावकाश बंद करतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसं हे जास्त जाणवू लागलं.

दुसरं कारण फ्लायव्हील. हे चाक जड असलं की ट्रॅफिकमध्ये गाडी उचलणं सोपं जातं, पण एकदा फिरलेलं चाक लवकर मंदावत नाही. याउलट लेक्सस एलएफएचं हलकं व्ही10 इंजिन, कंपनीच्या म्हणण्यानुसार, 0.6 सेकंदात आयडलवरून 9000 आरपीएम गाठायचं. साध्या काट्याला तो वेग झेपत नव्हता, म्हणून तिथे डिजिटल मीटर बसवला गेला!

मग उपाय काय?

सर्वात स्वस्त उपाय पायातच आहे. क्लच दाबण्याच्या किंचित आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. इंजिन चाकांना जोडलेलं असतानाच झडप मिटू लागते आणि आरपीएम वर अडकत नाही. नाहीतर काटा उतरेपर्यंत क्षणभर थांबून क्लच सोडायचा.

काही जण ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतात किंवा हलकं फ्लायव्हील बसवतात. पण त्यात वॉरंटी जाण्याची, प्रदूषण वाढण्याची आणि सिग्नलला गाडी वारंवार बंद पडण्याची शक्यता असते.

थोडक्यात, गिअर बदलताना हात कितीही चपळ असला, तरी इंजिन तयार होईपर्यंत क्लचने वाट पाहिलेली बरी. तुमच्या गाडीचा काटाही असाच रेंगाळतो का?