रॉक अल्बम मुलांसाठी योग्य आहे का, हे कसे ठरवावे?

रॉक अल्बम किशोरवयीन मुलांनी ऐकण्याजोगा आहे की नाही, हा निर्णय भारतात बहुतांशी पालकांनाच घ्यावा लागतो. चित्रपटाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यातल्या ‘यूए’ वर्गाचे आता ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले आहेत. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. केवळ ऐकायच्या अल्बमला मात्र वयोगटाचे असे सरकारी प्रमाणपत्र नसते. अंबरनाथच्या आनंदनगर परिसरातला किंवा बदलापूरचा नववीतला मुलगा मोबाइलवर हवा तो अल्बम लावू शकतो. कानात इअरफोन असले की तो काय ऐकतो आहे, हे घरात कोणाला कळतही नाही.

पालकांना सहज दिसणारी एकच खूण म्हणजे मुखपृष्ठावरची ‘पेरेंटल अ‍ॅडव्हायजरी’ ही काळी-पांढरी पट्टी, किंवा मोबाइलवर गाण्याच्या नावाशेजारी येणारे ‘ई’ हे अक्षर. या खुणेचा उगम अमेरिकेत १९८५ साली झाला. टिपर गोर यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी आणलेल्या प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’ अल्बममध्ये उघड लैंगिक उल्लेख असलेले एक गाणे निघाले. गोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांची संघटना उभारली आणि १९ सप्टेंबर १९८५ रोजी हा विषय सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेला. फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर आणि ‘ट्विस्टेड सिस्टर’ बँडचा डी स्नायडर यांनी तिथे विरोधी बाजू मांडली. आपले ‘अंडर द ब्लेड’ हे गाणे विकृत लैंगिकतेवरचे ठरवले गेले, पण ते शस्त्रक्रियेच्या भीतीवरचे आहे, असे स्नायडरने सांगितले. पुढे ध्वनिमुद्रण कंपन्यांनी पट्टी लावायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये तिचा नमुना सर्वत्र एकसारखा झाला.

ही पट्टी कोणतीही सरकारी यंत्रणा लावत नाही. कंपनी आणि कलाकार तो निर्णय स्वतः घेतात. शिवाय तिचा भर शिव्या, हिंसा, लैंगिक वर्णने आणि अमली पदार्थांच्या उघड उल्लेखांवर असतो. अल्बमचा एकूण भाव तिच्यावरून कळत नाही. लिंकिन पार्कच्या ‘हायब्रिड थिअरी’ (२०००) या अल्बममध्ये शिव्या नाहीत, म्हणून पट्टीही नाही. तरीही व्यसन, आतली घुसमट आणि स्वतःविषयीची घृणा त्यात गाण्यागणिक येते. पट्टी नसलेला अल्बम हलका असेलच असे नाही, आणि पट्टी असलेला त्याज्यच असतो असेही नाही.

आवाजाच्या कर्कशपणावरूनही निष्कर्ष काढता येत नाही. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ या मेटल बँडचा ‘रक्षक’ (२०२२) ऐकताना आधी कानावर आदळतात त्या किंकाळ्या आणि ढोल. शब्द ऐकले तर त्यात मुलांना होणाऱ्या दादागिरीला तोंड देण्याची आणि खचलेल्या मनाला उभारी देण्याची गाणी सापडतात. त्याच अल्बममध्ये बलात्काऱ्यांविरुद्धचा संताप थेट मारहाणीच्या भाषेत मांडणारे ‘दनादन’ हे गाणेही आहे. लहान मुलाशी त्याबद्दल बोलावे लागेल. म्हणून पालकांनी आधी गीताचे शब्द वाचावेत आणि नंतर गाणे ऐकावे. शब्द इंटरनेटवर सहज मिळतात.

शब्द वाचताना पहिला प्रश्न विचारायचा, तो हा: गाण्यातला ‘मी’ कोण आहे? मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न नवा नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर १९७० च्या दशकात वादळ उठले, तेव्हाही सखारामचे वागणे म्हणजे नाटककाराची शिकवण आहे का, हा प्रश्न होताच. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (१९७९) मध्ये नायक एका टप्प्यावर भ्रमिष्ट हुकूमशहासारखा अल्पसंख्याकांविषयी विखारी बोलतो. ते एकच गाणे ऐकणाऱ्याला तो द्वेषाचा प्रचार वाटेल. संपूर्ण अल्बम ऐकला की एका माणसाची पडझड उलगडते आणि त्या विखाराचा निषेध स्पष्ट होतो. याउलट काही गाण्यांत क्रौर्य किंवा स्त्रियांची मानहानी केवळ मौज म्हणून येते आणि तिच्या परिणामांचा मागमूसही नसतो. आक्षेप घ्यायचा तर अशा गाण्यांवर घ्यावा.

दुसरा प्रश्न: अल्बम श्रोत्याला शेवटी कुठे आणून सोडतो? मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ महोत्सवात गायलेल्या ग्रीन डे या बँडचा ‘अमेरिकन इडियट’ (२००४) या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्यावर इशारापट्टी आहे, शिव्या आहेत, अमली पदार्थ आहेत. त्याचा नायक उपनगरातला एक वैतागलेला मुलगा आहे. तो घर सोडून शहरात जातो, बंडखोरीच्या आणि नशेच्या नादी लागतो, त्याची किंमत मोजतो आणि परततो. त्याच अल्बममध्ये गायक बिली जो आर्मस्ट्राँगने दहा वर्षांचा असताना गमावलेल्या वडिलांवरचे गाणेही आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी हा अल्बम गंभीर चर्चेचा विषय होऊ शकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र त्यातल्या शिव्याच लागण्याची शक्यता अधिक असते.

म्हणून वयाचा विचार टप्प्याटप्प्याने करणे योग्य. तेरा ते पंधरा या वयात व्याजोक्ती आणि पात्राचा आवाज ओळखण्याची सवय अजून घडत असते. या काळात पालकांनी अल्बम सोबत ऐकावा, आणि शिव्या गाळलेली ‘क्लीन’ आवृत्ती मिळत असेल तर ती निवडावी. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपमध्ये ‘ई’ खुणेची गाणी बंद ठेवण्याची सोय आहे. सोळानंतर बंदीपेक्षा संवादाचा उपयोग जास्त होतो. गाण्याचे व्हिडिओ मात्र वेगळे तपासावेत, कारण साध्या गाण्याचे चित्रीकरण भडक असू शकते.

आत्मघाताचा उल्लेख असलेल्या गाण्यांची पालकांना सर्वाधिक धास्ती वाटते. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या दोन तरुणांच्या आत्मघाताचा दोष ज्युडास प्रीस्टच्या ‘स्टेन्ड क्लास’ (१९७८) या अल्बममधल्या कथित छुप्या संदेशाला देण्यात आला होता. १९९० मध्ये न्यायाधीशांनी तो दावा फेटाळला. ऐकू येणारे शब्द ध्वनींच्या योगायोगाने तयार झाले होते आणि त्यांच्यामुळे मृत्यू ओढवला हे सिद्ध झाले नाही, असे निकालात म्हटले होते. दुःखी गाणे अनेक मुलांना आधारही देते. काळजी करायची ती मुलाच्या वागण्यातल्या बदलाची: झोप उडणे, मित्र तुटणे, अभ्यास आणि खेळ सुटणे, मरणाविषयी वारंवार बोलणे. असे दिसले तर गाणी काढून घेण्याऐवजी मदत मिळवावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

शब्दांइतकाच धोका आवाजाच्या पातळीचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळात ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. लोकलच्या खडखडाटात गाणे ऐकू यावे म्हणून मुले आवाज वाढवत नेतात आणि ही मर्यादा नकळत ओलांडतात. कानात नीट बसणारे इअरफोन, फोनमधली आवाजाची मर्यादा आणि मध्ये मध्ये विश्रांती हे त्यावरचे उपाय आहेत. इशारापट्टी नसलेल्या अल्बमलाही ते लागू आहेत.

निर्णय झाल्यावर त्याचे कारण मुलाला सांगावे. एखादे गाणे का नको, हे नेमके सांगितले तर पुढच्या अल्बमचा विचार मूल स्वतः करू लागते. पालक सोबत नसतानाही चांगले-वाईट पारखण्याची ही सवय त्याच्या उपयोगी पडते.