पदवी आहे, खुर्ची नाही

रायपूरच्या शंकर नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलीने नुकतीच बी.एस्सी. पूर्ण केली. तिला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून हवामान बदलाचा अभ्यास करायचा आहे; वडिलांचा आग्रह बी.एड.चा आहे. तिने मला विचारले, ‘‘काका, तुम्ही इतकी वर्षे सरकारात होतात. ही पदवी घेतलेल्या माणसासाठी तिथे खुर्ची आहे का?’’ मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो आणि मला खुर्ची मिळाली होती. तिला मात्र चटकन ‘आहे’ असे सांगता आले नाही.

या विषयाची उपेक्षा झाली, असे वरकरणी दिसत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे स्वतंत्र संकुल १९७४ मध्येच उभे राहिले. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि पुढे पदवीच्या प्रत्येक शाखेत हा विषय आला. २००८ च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी एक तर केवळ ज्ञाननिर्मितीसाठी आहे.

भरतीच्या दाराशी मात्र चित्र पालटते. नागरी सेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांत इतिहास आहे, तत्त्वज्ञान आहे, पर्यावरणशास्त्र नाही. पूर्वपरीक्षेत ते आहे, पण विशेष अभ्यासाची गरज नसलेल्या सामान्य मुद्द्यांपुरते. भारतीय वन सेवेच्या पात्रतेसाठी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र चालते. त्या यादीतही पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. उरतात प्रदूषण नियंत्रण मंडळांतील मोजक्या जागा, अध्यापन आणि खासगी सल्लागार संस्था.

याची किंमत मी जवळून पाहिली आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या प्रतिनिधीच्या देखरेखीखाली होते. पर्यावरणीय आघाताचा अहवाल मात्र प्रकल्पचालकाने पैसे देऊन नेमलेले सल्लागार लिहितात. अशाच एका सुनावणीत मी अध्यक्षस्थानी होतो. अहवालात प्रकल्पाची जमीन ‘पडीक’ म्हटली होती. एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाला, ‘‘साहेब, ती पडीक नाही, भाठा आहे. पावसाळ्यात तिथे कोदो-कुटकी होते आणि वर्षभर आमची गुरे चरतात.’’

भाठा, मटासी, डोरसा, कन्हार ही छत्तीसगडच्या मातीची नावे मी ब्रिटिशकालीन बंदोबस्ताच्या अहवालांत वाचली होती, म्हणून त्याचे म्हणणे मला कळले. इतिहासाची मदत तेवढ्यापुरती झाली. भूजलाचा उपसा आणि धुळीचे प्रमाण यांची कोष्टके बरोबर आहेत की नाहीत, हे ठरवण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नव्हते आणि ज्याला विचारावे असा कोणीही माझ्या कार्यालयात नव्हता. मी आक्षेपांची नोंद केली, इतिवृत्तावर सही केली आणि परतलो. त्या सहीचे समाधान मला आजही नाही.

उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नचे कारखाने, हसदेव अरण्याखालील कोळसा, पावसावर विसंबलेले धान: छत्तीसगडच्या जिल्हा प्रशासनासमोर रोज येणारे हे विषय आहेत. म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पात्रतेत व वैकल्पिक विषयांत पर्यावरणशास्त्राला स्थान मिळावे. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात, प्रकल्पचालकाशी कोणताही संबंध नसलेला, या विषयाचा पदव्युत्तर अधिकारी असावा. आणि विद्यापीठांनीही प्रयोगशाळेबाहेर पडावे: जुने बंदोबस्त अहवाल, गावच्या तलावांच्या नोंदी, प्रत्यक्ष जनसुनावणी हे एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमाचे भाग व्हावेत. पाण्याचा नमुना तपासता येणाऱ्याला भाठा म्हणजे काय हेही कळले पाहिजे.

सामान्य ज्ञानाचा अधिकारी सर्व काही सांभाळतो, हे गृहीतक मी आयुष्यभर जगलो. त्याचे फायदेही आहेत. परंतु तज्ज्ञाला न्यायालयाने वर्गात आणायचे आणि शासनाने दाराबाहेर ठेवायचे, ही विसंगती फार काळ परवडणारी नाही.

शेजारच्या मुलीला मी प्रवेश घ्यायला सांगितले आहे. खुर्ची आज नाही, हेही लपवले नाही. तिच्या वडिलांची समजूत घालण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. ती खुर्ची निर्माण करण्याचे काम शासनाचे आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)