दहा रकाने आणि एक धबधबा

वॉशिंग्टन : अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी बारावीचा विद्यार्थी जो अर्ज भरतो, त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा म्हणजे ‘कॉमन ॲप्लिकेशन’. अभ्यासाबाहेरच्या कामांसाठी त्यात दहा रकाने असतात आणि प्रत्येक कामाचं वर्णन दीडशे अक्षरांत बसवावं लागतं. वाद्य, खेळ, वादविवाद यांच्या जोडीला समाजसेवेचा एक तरी रकाना भरलेला असावा, अशी इथल्या पालकांची धडपड असते. राजधानीला लागून असलेल्या मेरीलँड राज्यात तर ७५ तासांच्या सेवाकार्याची नोंद झाल्याशिवाय सरकारी शाळेतून पदविका मिळत नाही. त्यात २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. मात्र आपल्या वंशाने, पार्श्वभूमीने आपलं आयुष्य कसं घडवलं हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं तर ते वाचायला हरकत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. त्यामुळे आजी-आजोबांचं गाव, आईची भाषा, घरातले सण हे सगळं प्रवेशाच्या निबंधाचं भांडवल झालं आहे. आजोळच्या देशातल्या गरिबांसाठी निधी गोळा करणारा भारतीय वंशाचा मुलगा किंवा मुलगी हे चित्र इथे आता सर्रास दिसतं. त्या कामाकडे संशयाने पाहणारेही पुष्कळ आहेत. हा संशय अगदीच निराधार नाही, पण अपुरा आहे. वारशातून सुरू झालेलं काम देणाऱ्याला नुसता दाता राहू देत नाही, त्या प्रश्नातला एक पक्षकार करून टाकतं. अशा कामाची खरी किंमत तिथे आहे, आणि ती कुठल्या रकान्यात मावत नाही.

हे समजून घ्यायला या देशाची एक जुनी खोड माहीत हवी. चार माणसं जमली की अमेरिकन माणूस संस्था काढतो. फ्रेंच प्रवासी टोकव्हिल १८३१ मध्ये इथे आला, तेव्हाही त्याला याच गोष्टीचं नवल वाटलं होतं. विद्यार्थीही याला अपवाद नाहीत. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशी धर्मकार्यासाठी जाण्याचा विचार त्यांनी तिथे केला. त्या विचारातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली आणि १८१३ मध्ये तिची माणसं मुंबईला उतरली. तीच आपली अमेरिकन मराठी मिशन. अहमदनगरच्या शाळा आणि १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’ हे त्या गंजीखालच्या बैठकीचं आपल्याकडे पोहोचलेलं टोक. पुढे १४ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दोन वाजता मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून केनेडींनी हजारो विद्यार्थ्यांना विचारलं, की गरीब देशांत जाऊन काम करायची तुमची तयारी आहे का? पुढच्याच मार्चमध्ये पीस कोअर स्थापन झालं. त्याचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतातही होते. या दोन्ही लाटांमधल्या तरुणांची तळमळ खरी होती. पण ते परके होते. ठरलेली मुदत संपली, सरकार बदललं, मंडळाने धोरण फिरवलं, की त्यांना परत जाता येत होतं. गावाचं आणि त्यांचं नातं कामापुरतंच होतं.

१९९१ मध्ये याच देशातल्या दोन विद्यापीठांत वेगळ्या प्रकारची माणसं एकत्र आली. मेरीलँड विद्यापीठात पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणारे रवी कुचिमंची आणि त्यांचे सहाध्यायी यांनी ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’, म्हणजे एड, सुरू केली. कॅलिफोर्नियात बर्कलीला संदीप पांडे, दीपक गुप्ता आणि व्ही. जे. पी. श्रीवास्तव यांनी ‘आशा फॉर एज्युकेशन’ काढली. विद्यापीठाची खोली, करमाफीची मान्यता, स्वयंसेवकांची शाखा, दर वर्षी जाहीर करावे लागणारे हिशेब, हा सगळा सांगाडा अमेरिकन होता. आत भरलेला आशय मात्र त्यांनी घरून आणला होता. एडने आपल्या कामाची तीन नावं ठरवली : सेवा, निर्माण, संघर्ष. इथल्या धर्मादायाच्या शब्दकोशात पहिले दोन शब्द सहज बसतात. तिसरा बसत नाही. पैसे देणाऱ्याने भांडणात पडू नये, हा इथला अलिखित संकेत आहे. तो तिसरा शब्द भारतातल्या जनआंदोलनांकडून आला, आणि त्याचा अर्थ काय होतो हे नंदुरबार जिल्ह्यातल्या एका धबधब्यावर दिसलं.

बिलगाव हे धडगाव तालुक्यातलं, उदई नदीकाठचं आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित झाली, ती याच टापूतली. पाण्यापासून वीज करणाऱ्या देशातल्या एका अजस्र प्रकल्पाची किंमत हा भाग मोजत होता आणि त्याच्या स्वतःच्या पाड्यांवर अंधार होता. नर्मदेच्या आंदोलनातली माणसं, केरळमधल्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे तंत्रज्ञ, एडची मदत आणि गावकऱ्यांचं श्रमदान यांतून तिथे १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. प्रकल्प म्हणजे तरी काय? धबधब्याच्या वर पाणी अडवायचं, पाटाने ते एका टाकीत आणायचं, टाकीतून मोठ्या नळाने जोरात खाली सोडायचं आणि खाली त्याने टर्बाइनचं पातं फिरवायचं. अमेरिकेतल्या नव्या बांधणीच्या साध्या घराला जी वीजजोडणी मिळते, तिची क्षमता याच्या तिप्पट असते. एवढ्याशा विजेत जानेवारी २००३ मध्ये बिलगावच्या पाड्यांत दिवे लागले. पुढच्या वर्षी आलेल्या आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’मधला नासाचा इंजिनीअर गावात पाण्यावर वीज तयार करतो, त्या प्रसंगामागे हे काम आहे. सिनेमाचं चित्रण वाईजवळ मेणवलीला झालं. कृष्णाकाठचा तो वाडा आणि घाट अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. धडगावला मात्र फार थोडे गेले असतील.

सिनेमात दिवा पेटतो आणि म्हातारीचा चेहरा उजळतो. बिलगावची गोष्ट तिथे थांबली नाही. २००६ मध्ये सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरवर नेण्याचं काम सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो प्रकल्प पाण्याखाली गेला. गावाने स्वतःच्या हातांनी केलेली वीज मोठ्या विजेच्या पाण्याने बुडवली. माझा सगळा युक्तिवाद या एका घटनेवर उभा आहे. निव्वळ दात्याच्या हिशेबात बिलगाव हा वाया गेलेला खर्च ठरतो. अहवालात ‘नैसर्गिक आपत्ती’ असं लिहून फाइल बंद करता येते आणि पुढचा निधी एखाद्या सुरक्षित खोऱ्यात वळवता येतो. पण जो भारत आपला मानतो, त्याला तसं लिहिता येत नाही, कारण ती आपत्ती नैसर्गिक नव्हती. ती एक निर्णय होती, आणि तो निर्णय घेणारं सरकार त्याच्या आईबापांनी, आप्तेष्टांनी निवडून दिलेलं होतं. ज्या कॉलेजात तो फुकटात किंवा नाममात्र फीत शिकला, ते कॉलेज आणि ते धरण एकाच तिजोरीतून बांधलेलं होतं. धरण कोणासाठी, पुनर्वसन कुठे, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली का, हे प्रश्न मग त्याच्या वाट्याला येतात. दिवा लावायला गेलेला माणूस धरणाच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो, ते त्याच्या हुशारीमुळे नाही. मागे फिरायची वाट त्याला नात्याने बंद केलेली असते.

यावर इथल्या विद्यापीठांतून येणारा सगळ्यात भक्कम आक्षेप पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे निर्वासित उपासमारीने मरत असताना त्यांनी एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये छापला गेला आणि त्याची चर्चा आजही चालू आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की समोरच्या तळ्यात बुडणारं मूल आणि हजारो मैलांवर भुकेने मरणारं मूल यांत नैतिकदृष्ट्या फरक नाही. मग ‘आपला’ आणि ‘परका’ हा फरक तरी कशाला? शंभर डॉलरमध्ये सर्वांत जास्त जीव कुठे वाचतात ते मोजा आणि तिथे पाठवा. हा विचार उदात्त आहे आणि साथीच्या रोगांपुरता तर तो मला पूर्ण मान्य आहे. पण १९७१ मध्येच, त्याच संकटावर, एक वेगळा प्रतिसाद अमेरिकेतून गेला होता. पूर्व बंगालशी पिढ्यांचं नातं असलेल्या रविशंकरांनी आपला शिष्य जॉर्ज हॅरिसन याला साकडं घातलं आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी मैफल झाली. तिकिटांतून जमलेले अडीच लाख डॉलर संकटापुढे किरकोळच होते. मात्र ‘बांगलादेश’ हे नाव त्या एका दिवसात अमेरिकेतल्या घराघरांत गेलं, आणि ते सुद्धा इथलं सरकार पाकिस्तानच्या बाजूने उभं असताना. सिंगरांच्या मोजपट्टीवर ही गोष्ट येत नाही. किती जीव वाचले हे मोजता येतं. संकट कोणी ओढवलं हे विचारायला मात्र कोणीतरी त्या बाजूचं असावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. वारसा म्हणजे कोणाचा वारसा? अमेरिकेत आलेल्या भारतीयांमध्ये उच्च जातींचं प्रमाण देशातल्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी मोठं आहे. त्यांच्या ‘आपल्या लोकांसाठी’ या शब्दांत पुष्कळदा आपली जात, आपलं मंदिर, आपली शाळा एवढंच असतं. जात विमानाने इथेही आली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल महापालिकेने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक राज्यपालांनी नाकारलं, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाचे लोकही आघाडीवर होते. हे नाकारून चालणार नाही. तरीही यातून वारसा टाकून द्यावा असं निघत नाही. वारसा एकसंध कधीच नसतो, त्यातलं काय उचलायचं हे उचलणाऱ्यालाच ठरवावं लागतं. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आलेला विद्यार्थी हाही आपला वारसाच. इथल्या आंबेडकरी संघटना जे काम करतात, त्याची प्रेरणा अभिमानाइतकीच देण्याची आहे, देणगीच्या नव्हे, फेडायच्या देण्याची. हा फरक मला निर्णायक वाटतो. अभिमानातून आलेला पैसा आपल्यासारख्यांकडे जातो. देणं मानलं की ते कोणाचं, हे आधी शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते बिलगावसारख्या ठिकाणी सापडतं, जिथे आपलं कोणी राहत नाही.

तिसरा आक्षेप भारतातून येतो, की दूर बसून पैसे पाठवणाऱ्यांनी आमच्या भांडणात पडू नये. हा प्रश्न जुना आहे. पंडिता रमाबाईंसाठी १८८७ मध्ये बोस्टनला मंडळ स्थापन झालं, त्याने दहा वर्षं मदतीची हमी दिली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे सदन पुण्याला गेलं आणि उघडल्यापासून चारच वर्षांत धर्मप्रभावाच्या वादावरून रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. पैसा समुद्रापलीकडचा, मुली भारतातल्या, मग उत्तर कोणाला द्यायचं, हा पेच तेव्हाही सुटला नव्हता. आज सरकारने तो आपल्या पद्धतीने सोडवला आहे. विदेशी देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा लागतो, तो घेणाऱ्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि व्यवस्थापनखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. हिशेबाची शिस्त हवीच. पण मोठ्या संस्थेमार्फत पाड्यावरच्या छोट्या गटापर्यंत पोहोचणारा पैसा यामुळे अडला, आणि मोठी कचेरी असलेल्या संस्थाच काय त्या तगल्या. हस्तक्षेपाच्या आक्षेपाला माझं उत्तर साधं आहे. निर्णय गावाचा असला पाहिजे आणि बोलायचा हक्क साथ देणाऱ्यालाही असला पाहिजे. एडचं अर्धं शहाणपण यात होतं, की धबधब्यावर काय करायचं ते मेरीलँडमध्ये ठरलं नाही. स्वतः कुचिमंची १९९८ मध्ये भारतात परतले आणि संदीप पांडे तर त्याही आधी. दूर बसून सल्ला देण्याचा आक्षेप त्यांना लावता येत नाही.

आता पुन्हा त्या दहा रकान्यांकडे. सतरा वर्षांच्या मुलीने अर्जासाठी सुरू केलेलं काम पुढे टिकेल का, हे तिच्या हेतूवरून आज सांगता येणार नाही, आणि हेतू तपासायच्या फंदात आपण पडूही नये. ती कोणत्या वाटेने गेली ते पाहावं. उन्हाळ्यात दोन आठवडे जाऊन भिंत रंगवून परतणं ही एक वाट. ती भिंत गावातल्या गवंड्याने जास्त चांगली रंगवली असती आणि त्याला मजुरीही मिळाली असती. दुसऱ्या वाटेवर आधी शिकावं लागतं : नकाशा, जमिनीचा कायदा, आणि मुख्य म्हणजे भाषा. उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथल्या भिंतीवरच्या नकाशात शिवनेरी आणि रायगड असतात, ते हवेतच. पण त्या नकाशावर वर कोपऱ्यात, सातपुड्यात, धडगावही दाखवावं आणि तिथे मुलं घरी मराठी बोलत नाहीत, पावरी किंवा भिलोरी बोलतात, हेही सांगावं. न्यू जर्सीच्या मुलीची घरची भाषा बहुधा इंग्रजी, बिलगावच्या मुलीची पावरी. मराठी दोघी शाळेतच शिकतात, दोघींची ती दुसरी भाषा. कधी बोलायची वेळ आली, तर दोघी सारख्याच चुका करतील.