मोडी कागदाचा फोटो आहे, पण मजकूर कुठंय?

बीदर/कलबुर्गी : भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या काही जुन्या घरांत मोडी कागद अजून पेटीत आहेत. जमीन, वाटणी, देणंघेणं, सगळं त्यात. आता लोक त्याचे फोटो काढून ठेवतात. पण फोटो म्हणजे नुसतं चित्र. त्यात आजोबांचं नाव किंवा गाव शोधायला गेलं तर मोबाईलला काहीच सापडत नाही.

युनिकोड काय करतं?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे जगभर एकच असावं म्हणून युनिकोड हे मानक आहे. म्हणूनच बीदरहून पाठवलेला मराठी किंवा कन्नड मेसेज लातूरला जसाच्या तसा उघडतो. मराठीतला 'ॲ' त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला.

मोडी कशी आली?

अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये मोडीचा प्रस्ताव मांडला. अशा प्रस्तावात अक्षरांचे आकार, जोडाक्षरांचे नियम आणि जुन्या कागदांचे नमुने द्यावे लागतात. समिती ते तपासते. जून २०१४ च्या ७.० आवृत्तीत मोडीला ७९ चिन्हं मिळाली. एकदा दिलेला आकडा पुढे बदलत नाही, त्यामुळे आज टाइप केलेली मोडी उद्याही वाचता येईल. प्रस्ताव कोणीही पाठवू शकतं. पुरावा मात्र पक्का लागतो.

आपल्याला काय उपयोग?

१९५६ पर्यंत हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. मराठवाड्यात २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. मानकामुळे कागद आपोआप वाचला जात नाही. कुणीतरी वाचून टाइप केला, तरच तो शोधता येतो.

घरी कागद असतील तर एवढं करा

कागद लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. गाव, कागद कुणाच्या घरचा आणि साल लिहून ठेवा. साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवा. १३५६ फसली म्हणजे साधारण १९४६-४७. मोडी जाणणारं माणूस भेटलं की एकेक ओळ देवनागरीत उतरवून घ्या. अशी माणसं थोडी आहेत आणि बरीच वयस्कर आहेत, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.