भिगवणच्या उंबऱ्यावर मोजलेला आमवात

पुण्याहून सोलापूरकडे जाताना लागणारे भिगवण हिवाळ्यात रोहित पक्ष्यांमुळे गजबजते. उजनीच्या फुगवट्यात होड्या निघतात, हमरस्त्यावर मासळीच्या थाळीसाठी गाड्या थांबतात. संधिवाताच्या अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने इथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोजणी सुरू केली.

दवाखान्यात बसून रोग मोजला, तर दवाखान्यापर्यंत पोचलेलेच मोजले जातात. उरलेले ‘वात आलाय’ म्हणत तेल चोळतात आणि कामाला लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ हा उपक्रम आखला होता. आधी उंबऱ्यावर प्रश्न, दुखणे सांगणाऱ्यांची सविस्तर विचारपूस, मग डॉक्टरांची तपासणी, अशी त्याची रीत.

भिगवणमध्ये याच रीतीने ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली. शंभरातल्या सुमारे १८ जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. त्यांतले बरेचसे झिजलेल्या गुडघ्यांचे, कंबरेचे, कष्टाने आखडलेल्या अंगाचे. खरा आमवात निघाला साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला. आकडा लहान दिसतो, पण दोन हजार प्रौढांच्या गावात ती दहा माणसे होतात, आणि त्यांत बायका अधिक.

आमवात म्हणजे वयाची झीज नव्हे. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती इथे सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावरच तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते, शेजारचे हाड कुरतडते. सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून, आणि दोन्ही बाजूंनी. सकाळी मूठ वळत नाही, कपडे पिळताना मनगट साथ देत नाही, लेकीची वेणी घालणे अवघड होते. पंचविशी-तिशीतल्या बाईचे हे दुखणे घरात कोणी मनावर घेत नाही. उपचाराची सर्वांत मोलाची पहिली काही महिन्यांची मुदत अशीच वाया जाते, आणि एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

औषध मात्र आहे, तेही स्वस्त. आमवाताच्या उपचाराचा कणा असलेले मेथोट्रेक्सेट ज्या औषधकुळातले आहे, ते अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने रक्ताच्या कर्करोगासाठी घडवले. १९५१ मध्ये याच कुळातल्या औषधाने सांध्यांची सूज उतरते हे दिसले. तरीही मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेची अधिकृत मान्यता मिळायला १९८८ साल उजाडले. या गोळीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराने पाठ करावी: ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते.

जिथे ती पुरी पडत नाही, तिथे बायोलॉजिक इंजेक्शने येतात. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी यांनी दाह पेटवणारा ‘टीएनएफ’ हा एकच रेणू अडवून पाहिला. १९९२ मध्ये पहिल्या २० रुग्णांवर प्रयोग झाला आणि उपचारांची दिशाच बदलली. आपल्याकडे या इंजेक्शनांना दोन अडथळे आहेत: किंमत आणि क्षयरोग. टीएनएफ अडवला की फुप्फुसात निद्रिस्त असलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी लागते. किमतीचा भार भारतीय कंपन्यांनी थोडा हलका केला. अशाच एका औषधाची, ॲडालिमुमॅबची, जगातली पहिली प्रतिरूप आवृत्ती २०१४ मध्ये झायडसने भारतात विक्रीस आणली.

तरी पहिली पायरी घरातच चढायची आहे. आई, बहीण, सून यांपैकी कोणाची बोटे सकाळी तासभर आखडत असतील आणि लहान सांध्यांची सूज सहा आठवडे हटत नसेल, तर तेलाच्या बाटलीवर थांबू नका; त्यांना संधिवाततज्ज्ञाकडे घेऊन जा.