सहा, आठ, नऊ, बारा

लोहारशाळेवरून जाता जाता हातोड्यांच्या आवाजांतील संवाद ऐकून पायथागोरसाने ते तोलून पाहिले आणि त्यांची वजने १२, ९, ८ व ६ अशी भरली, ही ग्रीक गणिती निकोमाखसाने सांगितलेली कथा शतकानुशतके ग्रंथोग्रंथी चालत आली. मात्र हातोड्याच्या वजनाप्रमाणे स्वर बदलत नाही, आणि तारेस टांगलेल्या वजनाचे म्हणावे तर स्वर सप्तकभर चढवण्यास ते चौपट करावे लागते, हे सोळाव्या शतकात गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली यांनी दाखवून दिले. कथा खोटी, पण आकडे खरे. कारण ते वजनांचे नसून तारेच्या लांबीचे आहेत. बारा भागांची तार षड्जाची धरली, तर नऊ भागांवर मध्यम, आठांवर पंचम आणि सहांवर तार षड्ज मिळतो, हे तंबोरा जुळवणाऱ्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

यातील नऊ हे सहा आणि बारा यांचे गणितमध्य, तर आठ हे हरात्मक मध्य. तिसरे, गुणोत्तरमध्य, मात्र या वाटणीत कोठेच सापडत नाही. तारेंतुमचा आर्खीतास, जो प्लेटोचा स्नेही, उत्तम गणिती आणि सात वेळा निवडला गेलेला सेनापती होता, त्याने याचे कारणच सिद्ध केले: ज्या गुणोत्तरातील दोन संख्यांत एकाचाच फरक असतो, जसे २:१, ३:२ किंवा एका स्वरांतराचे ९:८, त्याचे पूर्णांकांच्या आधारे दोन समान हिस्से होऊ शकत नाहीत. आणि याच गृहस्थाने लिहून ठेवले आहे, की हिशेब सापडला म्हणजे नगरातील तंटे शमतात व एकोपा वाढतो, कारण त्याच्या भरवशावर श्रीमंत देतात आणि दरिद्री घेतात.

परंतु हिशेब कोणता? ग्रीकांत कायद्यास आणि ठराविक गायनबंधास 'नोमोस' हा एकच शब्द असल्याने, संगीताची रीत बदलली की राज्याचे मूलभूत कायदेही हलतात, हे संगीतज्ञ दामोनचे मत प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये गंभीरपणे उद्धृत केले, यात नवल नाही. 'लॉज'मध्ये तो दोन समता सांगतो: एक चिठ्ठ्या टाकून सर्वांस सारखे देणारी, आणि दुसरी, त्याच्या मते खरी, थोरास अधिक व सामान्यास कमी देणारी, 'गॉर्गियास'मध्ये तिलाच तो भूमितीची समता म्हणतो. गंमत अशी, की भूमितीचे हे प्रमाण ज्या गुणोत्तरमध्यातून उभे राहते, तोच मध्य त्याच्या लाडक्या सप्तकात बसत नाही. ही कोटी थोडी ताणलेली आहे, हे मला मान्य आहे; तथापि नगराला वीणेसारखे जुळवू पाहणाऱ्याने वीणेची ही अडचण दफ्तरी दाखल करावयास हवी होती.

आर्खीतासाच्याच गावचा आणि अॅरिस्टॉटलचा शिष्य अरिस्तोक्सेनस याने ती अडचणच मानली नाही. स्वरांचा निवाडा संख्यांनी नव्हे, कानांनी करावा, असे म्हणून त्याने षड्ज-मध्यमातील अंतर अडीच स्वरांतरांचे असल्याचे बिनदिक्कत लिहून टाकले, ज्यातले ते अर्धे आर्खीतासाच्या सिद्धतेप्रमाणे निघणेच शक्य नव्हते.